बेसबॉलमध्ये तुम्ही स्वतः बघितलेलं दुर्मिळ काय? (अनुभव धागा)

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आता लिहितेच. १७ ऑक्टोबर २०२५ ला डॉजर्सच्या शोहेई ओहतानीने मिलवॉकीविरुद्ध एकाच मॅचमध्ये तीन होम रन (आपल्या सिक्सरसारखे) मारले आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, म्हणून दहा जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आऊट) केलं, डॉजर्स ती मॅच जिंकून वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत गेले. मी इकडे घरभर नाचत होते आणि पुण्याच्या घरच्या ग्रुपवर टाकलं तर दादाने विचारलं, यात एवढं काय गं, कपिल बॅटिंग बोलिंग दोन्ही करायचाच की. प्रश्न रास्त आहे. क्रिकेटमध्ये ऑलराउंडर असतातच, पण मेजर लीग बेसबॉलमध्ये पिचर वेगळा आणि बॅटर वेगळा, शाळा-कॉलेजनंतर वाटाच वेगळ्या होतात. बेब रूथ १९१८-१९ च्या सुमारास दोन्ही करायचा, मग त्यानेही पिचिंग जवळपास सोडलं, आणि त्यानंतर शंभर वर्षं या दर्जाने दोन्ही करणारा मेजर लीगमध्ये कोणी झालाच नाही. दादाला हे समजावताना वाटलं की आपल्यातले कितीतरी लोक अमेरिकेत राहून या खेळात बुडालेत, त्यांनी काय काय बघितलं असेल! ते इथे लिहा. मॅच मैदानात बघितलेली असो की टीव्हीवर, चालेल. टीमवरून भांडलात तरी चालेल, मी डॉजर्सची आहे हे आधीच सांगून ठेवते.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एकच सांगते कारण वरचेवर उल्लेख येणार: परफेक्ट गेम म्हणजे नऊ इनिंगमध्ये समोरच्या टीमचे २७ बॅटर आले आणि २७ आऊट, एकही जण पहिल्या बेसवरसुद्धा पोचला नाही, हिट नाही, वॉक (पिचरचे चार बॉल चुकले की फुकट मिळणारा पहिला बेस) नाही, फील्डिंगची चूक नाही. दोन लाखांहून जास्त मॅचेस झाल्यात, आणि असे गेम आजवर २४. वर्ल्ड सिरीजमध्ये तर एकच, डॉन लार्सनचा, १९५६ चा.

—

सिअ‍ॅटलहून लिहितोय. मी त्यातला एक बघितलाय, मैदानात बसून. १५ ऑगस्ट २०१२, तारीख आपल्या माणसाला विसरणं शक्यच नाही, बुधवार होता आणि दुपारची मॅच, टीममधले आम्ही चारपाच जण अर्धा दिवस रजा टाकून गेलो होतो, फेलिक्स हर्नांडेझ पिच करणार म्हणून. तो व्हेनेझुएलाचा, लोक त्याला किंग म्हणायचे आणि लेफ्ट फील्डला एक अख्खा भाग त्याच्या भक्तांचा, पिवळे टी-शर्ट, हातात के लिहिलेली कार्डं, के म्हणजे स्ट्राइकआउट. समोर टँपा बे. पाचव्या सहाव्या इनिंगपर्यंत आम्ही गप्पाच मारत होतो, मग माझ्या शेजारच्या अमेरिकन सहकाऱ्याने एकदम बोलणं बंद केलं. मी विचारायला गेलो की अरे अजून कोणी बेसवर गेलंय का, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. असं चालू असताना त्याचं नाव घ्यायचं नाही, डगआउटमध्येसुद्धा पिचरच्या शेजारी कोणी बसत नाही. दृष्ट लागते ही समजूत मला घरूनच माहीत होती त्यामुळे मी लगेच गप्प. सिअ‍ॅटलकडे एकच रन होता, १-०, म्हणजे हातून काही सुटलं तर परफेक्ट गेमच काय मॅचसुद्धा जाणार. शेवटच्या बॅटरला स्ट्राइक तीन, तो नुसता बघत राहिला आणि फेलिक्सने दोन्ही हात वर केले. बारा स्ट्राइकआउट.

अजून एक, त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच मैदानात शिकागो व्हाइट सॉक्सच्या फिलिप हंबरने आमच्याविरुद्ध परफेक्ट गेम टाकला होता. आणि जूनमध्ये तिथेच आमच्या सहा पिचर्सनी मिळून डॉजर्सना एकही हिट दिली नाही. एका मैदानात एका वर्षात हे तिन्ही. आमचे मरिनर्स आजतागायत वर्ल्ड सिरीज खेळलेले नाहीत, २०२५ ला एका मॅचने गेलं, पण ती दुपार आमचीच आहे.

—

बॉस्टन, २००४. मी तेव्हा एमएस करत होतो. ज्यांना रेड सॉक्स-यांकीज वैर माहीत नाही त्यांच्यासाठी: बॉस्टनने (रेड सॉक्स) बेब रूथला न्यूयॉर्कला (यांकीज) विकला, १९२० च्या जानेवारीत ते जाहीर झालं, एक लाख डॉलरला, आणि त्यानंतर बॉस्टनला वर्ल्ड सिरीज नाही, शेवटची १९१८ ची. लोक याला शाप म्हणायचे आणि अगदी मनापासून म्हणायचे, माझ्या प्रोफेसरांसकट.

तर लीगच्या फायनलला यांकीज ३-० पुढे, तिसरी मॅच तर १९-८ अशी धुतलेली. चौथी मॅच, १७ ऑक्टोबर, नवव्या इनिंगला आम्ही एका रनने मागे आणि पिच करायला मारियानो रिव्हेरा, जो तेव्हा असं काही सोडतच नसे. एक वॉक मिळाला आणि त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्सला आणलं. मैदानातल्या प्रत्येकाला, रिव्हेराला, कॅचरला, आमच्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं की हा दुसरा बेस चोरायला, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसवर जायला पळणार, आणि तरी तो पळाला आणि पोचला, बोटभर अंतराने. मग बिल म्युलरची हिट, बरोबरी, आणि बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझचा होम रन, तेव्हा रात्रीचा एक वाजून गेलेला. दुसऱ्या दिवशी (म्हणजे त्याच दिवशी म्हणा) पुन्हा चौदा इनिंग, पुन्हा ऑर्टिझ. मग सहावीत आमचा पिचर शिलिंगचा रक्ताळलेला मोजा, मग सातवी १०-३. ०-३ वरून सिरीज फिरवणारी मेजर लीगमधली ती पहिली टीम आणि अजूनही एकमेव.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. वर्ल्ड सिरीज संपली २७ ऑक्टोबरला, आणि त्या रात्री कोजागिरी होती! आम्ही सात-आठ मराठी पोरंपोरी एका अपार्टमेंटमध्ये, मसाला दूध आटवायला ठेवलेलं आणि टीव्हीवर सेंट लुइसची मॅच. त्यात त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. घरून फोन, ग्रहणात दूध पिऊ नका रे, तुळशीचं पान टाकून ठेवा, आता बॉस्टनमध्ये ऑक्टोबरात तुळस कुठून आणणार. शेवटचा आऊट झाला तेव्हा बाहेर चंद्र तांबडा होता, सगळी गल्ली रस्त्यावर आली होती, आमचा घरमालक, सत्तरीचा माणूस, पायरीवर बसून रडत होता. त्याचे वडील ८६ वर्षांच्या त्या मधल्या काळातच गेले होते. ग्रहण सुटल्यावर एक वाजता त्यालाही दूध दिलं, तो म्हणाला यात वेलची आहे का.

—

वरच्या बॉस्टनकर दादांना न्यू जर्सीहून नमस्कार. आमच्या घरात त्या आठवड्यात कोणी टीव्ही लावत नव्हतं. पण रिव्हेराबद्दल तुम्ही अर्धंच लिहिलंत म्हणून लिहिते. पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्या फेनवे पार्क मैदानात ओपनिंगला त्याचं नाव पुकारलं तेव्हा तुमच्या लोकांनी त्याला चिडवायला उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि तो माणूस टोपी काढून मनापासून हसला. पुढे २०१९ ला तो एकही मत विरोधात न जाता हॉल ऑफ फेममध्ये गेला, असा पहिलाच. रूथला नाही मिळालं ते, कोणालाच नाही.

माझा स्वतःचा अनुभव यांकीजच्या डेरेक जीटरचा, २५ सप्टेंबर २०१४, यांकी स्टेडियमवरची त्याची शेवटची मॅच. आम्ही ५-२ पुढे होतो आणि नवव्याला बाल्टिमोरने ५-५ केलं. सगळे आधी हळहळले आणि मग एकदम लक्षात आलं की आता नवव्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, आमच्या बॅटिंगला, जीटर येणार. पहिल्याच बॉलला राइट फील्डला हिट, रन घरी, मॅच खलास. माझा मुलगा तेव्हा लहान होता, त्याला वाटलं प्रत्येक मॅच अशीच संपते.

—

डेट्रॉइट. माझी गोष्ट अशा परफेक्ट गेमची आहे जो त्या २४ च्या यादीत नाही.

२ जून २०१०, कोमेरिका पार्क, क्लीव्हलँडविरुद्ध. आर्मांडो गालारागा हा काही स्टार नव्हता, आदल्याच महिन्यात त्याला खालच्या लीगमधून वर बोलावलेलं. मैदान निम्मंही भरलेलं नव्हतं, मी ऑफिसातल्या एकाच्या उरलेल्या तिकिटावर गेलो होतो. नवव्या इनिंगला ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरं पळत जाऊन खांद्यावरून असा कॅच घेतला की वाटलं आता देवच ठरवून आलाय. २६ आऊट झाले. सत्ताविसाव्याने जमिनीवरून मारला, काब्रेराने अडवला, गालारागा स्वतः पहिल्या बेसवर धावत गेला, थ्रो घेतला, पाय बेसवर, बॅटर एक पाऊल मागे. आणि अंपायर जिम जॉइसने हात आडवे केले, सेफ.

आम्हाला वरून दिसलं होतं. सगळ्यांना दिसलं होतं. गालारागा काय करतो तर हसला. त्याने आरडाओरडा केला नाही, बॉल आपटला नाही, परत जाऊन पुढच्याला आऊट केलं आणि मॅच संपवली. आमचे बाकी खेळाडू मात्र अंपायरवर धावून गेले. मॅच झाल्यावर जॉइसने आत जाऊन रेकॉर्डिंग बघितलं आणि सरळ कबूल केलं की माझं चुकलं, मी त्या पोराचा परफेक्ट गेम घालवला. गालारागाला भेटून माफी मागितली, आणि गालारागाने त्याला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅच होती आणि पुन्हा जॉइसच, या वेळी होम प्लेटला (बॅटर उभा राहतो तिथे). लाइनअपचं कार्ड द्यायला मॅनेजर जातो, त्या दिवशी गालारागाला पाठवलं. जॉइस डोळे पुसत होता, उघड, सगळ्यांसमोर, आणि आदल्या रात्री शिव्या घालणारं आमचं शहर टाळ्या वाजवत होतं. लीगच्या कमिशनरने निकाल बदलला नाही. माझं मत अजूनही हेच की बदलायला हवा होता, पुढच्या बॅटरचा एक आऊट खोडायचा होता फक्त, कोणाचं काही नुकसान नव्हतं. २०१४ पासून असे निर्णय रिप्लेवर तपासायला लागले, त्यामागे ही रात्र होतीच. पण आज मला कोणी विचारलं की खेळात मोठेपणा कुठे बघितलास, तर मी लार्सन नाही सांगणार, या दोघांची नावं सांगेन.

—

डेट्रॉइटचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

शिकागोचं मी थोडक्यात लिहिते. २०१६, कब्जना १०८ वर्षं वर्ल्ड सिरीज नव्हती, त्यात क्लीव्हलँड ३-१ पुढे. पाचवी मॅच कब्जच्या रिग्ली मैदानावर, ३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. पूजा करून फराळाचं ताट घेऊन टीव्हीसमोर. जिंकले. सहावी भाऊबीजेला, जिंकले. सातवीला आठव्या इनिंगमध्ये राजाय डेव्हिसने बरोबरीचा होम रन मारला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले, बघवेना. मग पाऊस, सतरा मिनिटं खेळ थांबला, मग दहाव्या इनिंगला झोब्रिस्टची हिट आणि ८-७.

नंतर रिग्लीच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी खडूने नावं लिहिली, ज्यांना हे बघायला मिळालं नाही त्यांची. आजोबा, आई, काका, हात पोचेल तिथपर्यंत भिंत भरलेली. मला हा खेळ आमच्या शेजारच्या आजींनी शिकवला, स्कोअरकार्ड पेन्सिलने कसं भरायचं तेही. त्यांच्या यजमानांचं नाव त्यांच्या सांगण्यावरून मी लिहिलं, आणि खाली देवनागरीतपण लिहिलं. आजींना ते फार आवडलं, त्याचा फोटो त्यांनी फ्रिजवर लावला होता.

—

मेट्सवाला, न्यूयॉर्कचं क्वीन्स. परफेक्ट गेम २४ ना, मी आजवर फक्त १५ वेळा झालेलं बघितलंय. एकट्याने केलेला ट्रिपल प्ले, म्हणजे एका बॉलवर तिघे आऊट. २३ ऑगस्ट २००९, सिटी फील्ड, आम्ही ९-७ मागे, नवव्याला दोन जण बेसवर आणि एकही आऊट नाही, सगळे उभे. पिचरने बॉल टाकताच दोघंही रनर पळत सुटले, फ्रँकूरने सणसणीत मारला तो सरळ समोरच्या टीमच्या, फिलीजच्या ब्रंटलेटच्या हातात, एक आऊट. पाय दुसऱ्या बेसवर, दोन. समोरून पळत आलेल्याला बॉल लावला, तीन. दोन सेकंदांत मॅच संपली. आमच्या रांगेत कोणाला कळलंच नाही की घरी जायचंय.

त्याच मैदानात नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन आणि वॉर्नची मॅच बघितली. बाहेरून आणून बसवलेलं पिच, बेसबॉलची माती तशीच, आणि लोक "सचिन सचिन" ओरडतायत. सचिनची टीम हरली. पण शेजारी बसलेले काका म्हणाले, इथे एरवी मी मेट्स हरताना बघायला येतो, आज वेगळं तिकीट काढलं. हे काका शिवाजी पार्कचे.

—

पुण्यातून. शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो, तिथून हे वेड. भारतातून बघण्याचा एक वेगळाच प्रकार आहे, तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच पहाटे साडेपाचला लावली, चहा, नाश्ता, अंघोळ, ऑफिसची मीटिंग एका कानाने, ती संपेचना. अठरा इनिंग, साडेसहा तासांच्या वर, ओहतानी नऊ वेळा बेसवर गेला आणि त्यातल्या चार वेळा तर टोरोंटोने त्याला मुद्दाम वॉक देऊन टाकला. फ्रीमनचा होम रन पडला तेव्हा इकडे डबा उघडायची वेळ झाली होती.

धागाकर्त्या ताई, तुमच्या दादाला हे सांगा, की समोरची टीम ज्याला बॅटच फिरवू देत नाही असा बॅटर क्रिकेटमध्ये कोण.

—

मी इथला बहुतेक सर्वांत म्हातारा. बाल्टिमोर, १९९५. आदल्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती, लोक या खेळावर चिडलेले, माझे मित्र म्हणायचे पुन्हा तिकीट काढणार नाही. त्यांना परत आणलं आमच्या ओरिओल्सच्या कॅल रिपकनने. लू गेरिगच्या सलग २१३० मॅचेसचा विक्रम १९३९ पासून तसाच होता. रिपकन रोज यायचा, खेळायचा, घरी जायचा, वर्षानुवर्षं. ६ सप्टेंबरला पाचव्या इनिंगच्या मध्यावर मॅच अधिकृत झाली, आणि समोरच्या वेअरहाउसवरच्या मोठ्या आकड्यांत २१३१ उलगडलं. मॅच थांबली. सहकाऱ्यांनी त्याला ढकलून बाहेर काढला आणि त्याने मैदानाला फेरी मारली, कठड्यावरून लोकांशी हात मिळवत, बावीस मिनिटं. आमच्या बाजूला आला तेव्हा माझ्या मुलीने हात पुढे केला होता आणि तो तिच्यासाठी थांबला. त्याच मॅचमध्ये त्याने होम रनपण मारला होता, ते लोक विसरतात.

पुढे ही मालिका २६३२ पर्यंत गेली. १९९८ च्या सप्टेंबरात एका मॅचआधी त्याने स्वतःच मॅनेजरला सांगितलं की आज मला बसव. समोर यांकीज होते, त्या वर्षी सगळ्यांना लोळवणारे. पहिला आऊट झाल्यावर यांकीजचे खेळाडू डगआउटच्या पायऱ्यांवर येऊन त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. न्यू जर्सीच्या ताईंनी हेही लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहिलं. ओरिओल्सवाले अजून कोणी आहेत का इथे?