मदत हवी आहे: संध्याकाळच्या भुकेला काय खावं?

वय ३८, उंची १६२ सेंमी, वजन ७८ किलो. थायरॉइड, साखर नॉर्मल. औषध कुठलंच नाही. तीन महिन्यांत ४ किलो उतरलं, पण गेले पाच आठवडे काटा ढिम्म हलत नाही.

चहातली साखर आणि तळलेलं बंद केलंय. सकाळी दोन उकडलेली अंडी, म्हणजे साधारण १२ ग्रॅम प्रोटीन. दुपारी अर्धं ताट भाज्या. रोज ४० मिनिटं चालते. इथवर सगळं सुरळीत. घोडं अडतं ते संध्याकाळी पाचला. तेव्हा नुसतं फळ खाल्लं तर तासाभरात पुन्हा भूक. मग मूठभर बदाम सुरू केले. परवा सहज ती मूठ वजनकाट्यावर ठेवली तर ५० ग्रॅम भरली! म्हणजे जवळजवळ ३०० कॅलरी, आणि मी आपली ‘हेल्दी’ म्हणून खुशाल तोंडात टाकतेय. पाचला काहीच खाल्लं नाही तर रात्री जेवणावर तुटून पडते. तोही प्रयोग करून झाला.

अडचणी अशा: दूध-दही पचत नाही, कामाच्या जागी फ्रिज नाही, सकाळी तयारीला जेमतेम दहा मिनिटं. प्रोटीन पावडर नकोय. उकडलेले चणे नेऊन पाहिले, पोट छान भरतं. पण रोज खाल्ले की गॅस होतो, आणि उकाड्यात पाचपर्यंत टिकतील याची खात्री वाटत नाही.

तर २०० कॅलरींच्या आत, निदान ८-१० ग्रॅम प्रोटीन आणि थोडा फायबर मिळेल, डब्यात सात-आठ तास टिकेल असं तुम्ही स्वतः रोज काय खाता, आणि किती ग्रॅम?