वाणासाठी मण्यांच्या अंगठ्या: इलॅस्टिक की तंगूस?

रानजाई: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत, घरी केलेल्या मण्यांच्या अंगठ्या द्यायच्या असं ठरवलंय. रविवार पेठेतून बारीक काचमणी आणि इलॅस्टिक आणलं. पण गाठ टोचते आणि चार दिवसांत सैल पडते. शिवाय येणाऱ्या बायकांच्या बोटांची मापं कुठून आणू?

चिंचबन: इलॅस्टिकच ठेव, मापाचा प्रश्नच मिटतो. फक्त ओवायच्या आधी चांगलं ओढून ताणून घे, म्हणजे नंतर सैल पडत नाही.

मावशी_सांगलीकर: ब्रेसलेटला इलॅस्टिक ठीक गं, अंगठीला नको. काचमण्याच्या भोकाची कड धारदार असते, भांडी घासताना दोरा तिथेच झिजतो. 0.25 मिमीचा तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा घे, मासेमारीचं सामान मिळतं तिथे. सुई नको, टोक तिरकं कापलं की झालं.

हातभर तंगूस घे. 11 नंबरचे (साधारण 2 मिमी) आठ मणी ओवून टोक पहिल्या मण्यातून परत काढ, गोल होईल. मग मधला 3 मिमीचा मणी ओव आणि समोरच्या, म्हणजे पाचव्या मण्यातून बाहेर ये. ओढलंस की फूल. आता त्याच टोकावर पट्टीचे मणी ओवत जा, बोटाभोवती पुरले की पहिल्या पाकळीत, म्हणजे फुलाच्या पहिल्या मण्यात शिर आणि सगळ्या पट्टीतून अजून एक फेरा मार. हा फेरा आळसाने सोडतात आणि मग अंगठी लुळी पडते. गाठ पाकळीलगत, एक पीळ जास्तीचा देऊन. उरलेली टोकं तीन-चार मण्यांत लपवून काप. गाठीवर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब. झटपट चिकटणारा गोंद नको, तंगूस कडक होऊन मोडतो.

मापाचं म्हणशील तर लाटण्याच्या निमुळत्या मुठीवर 5, 5.5 आणि 6 सेंटीमीटर घेराच्या तीन खुणा कर. तिन्ही मापांच्या करून ताटात मांड, ज्या त्या उचलतील. मी काळ्या पट्टीवर पांढरं फूल करते, हलव्याच्या दागिन्यांशी शोभतं. काळे मणी मंगळसूत्राचे म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

रानजाई: लाटण्याची युक्ती भारी आहे मावशी! एका अंगठीला वेळ किती लागतो?

मावशी_सांगलीकर: हात बसला की टीव्हीवरची एक मालिका संपेपर्यंत, जाहिरातींसकट. पहिल्या दोन-तीन घरातल्यांना दे.

निळी_पोत: मणी आणलेच आहेत तर आधी दोन-चार ओल्या कापसात गुंडाळून रात्रभर ठेव, मग नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसून बघ. काच आतून-बाहेरून रंगीत असेल तर काही होत नाही. वरून रंगवलेले असतील तर कापूस लगेच सांगतो. पांढऱ्या साडीवर गुलाबी डाग पडले तर वाण लक्षात राहील, पण भलत्याच कारणाने.