उन्हाळ्यात घरी रोल धुता येतो का? रात्री दहालाही पाणी ३४ डिग्री

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला शाळेत शिकवते. मामांनी स्टुडिओ आवरला तेव्हा पेंटॅक्स के १००० हा फिल्मचा कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि दोन रिळांची डेव्हलपिंगची टाकी (रोल रिळावर चढवून हिच्यात रसायनाने धुतात) माझ्याकडे आली. तेव्हापासून एचपी५ प्लस या इल्फर्ड कंपनीच्या काळ्यापांढऱ्या रोलचं वेड लागलंय. रविवारी सकाळी बोरीच्या पात्रात चक्कर, नाहीतर गाडी पकडून धरणगाव, दोंडाईचा, कधी एसटीने पारोळ्याचा किल्ला.

आधी रोल मुंबईला पाठवायचे. धुलाई, स्कॅनिंग, कुरिअर धरून खर्च रोलच्या किमतीला टेकायचा आणि वाट बघून जीव जायचा तो वेगळाच. म्हणून थंडीत घरीच धुवायला लागले. डी-७६ डेव्हलपर आणि पाणी एकास एक, २० डिग्री, ११ मिनिटं. सुंदर आले.

आता एप्रिल लागलाय. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल असं, आणि रात्री दहालाही ३४. फ्रीजचं पाणी मिसळून २० करते, पण डेव्हलपिंगच्या टाकीत ओतेपर्यंत थर्मामीटरचा काटा वर सरकतो. त्यात नळ येतो चार दिवसांआड. ‘वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवा’ हे मी मोठ्याने वाचलं तर सासूबाई म्हणाल्या, आधी भांडी धुवू दे. शिवाय वाळलेल्या निगेटिव्हवर पांढुरके डाग पडतात ते कशाने जातील?

जूनपर्यंत थांबू का? आणि मेच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन जवळपास कुठे जाण्यासारखं आहे?

पांझरापार (धुळे)

भारी प्रश्न शे ताई! मी तर सरळ थांबतो. काढलेले रोल डब्यात घट्ट बंद करून फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी. पाऊस पडला की धुवायला काढायचे. घाई काय आहे?

एक सांगतो, मोटरसायकलच्या डिकीत रोल ठेवू नका. लळिंगचा किल्ला चढून खाली आलो की डिकीतलं पाणीसुद्धा चहाला चालेल असं तापलेलं असतं. रोल स्टीलच्या डब्यात, डबा ओल्या उपरण्यात, आणि ते सगळं पाठीवरच्या पिशवीत.

जंक्शनवाला (भुसावळ)

थांबू नका ताई. पांझरापार भाऊंचं पावसाचं म्हणणं मला पटत नाही. पावसाळ्यात कटकट जास्त आहे, का ते पुढे येईलच.

मी तरुणपणी इथल्या एका स्टुडिओत डार्करूम सांभाळायचो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंडू’ रोल तेव्हा सर्रास चालायचा. मे महिन्यात लग्नाचे रोल ढिगाने यायचे आणि एसी फक्त मालकाच्या बोलण्यात होता. तरी रोल धुतले जायचेच की.

पहिली गोष्ट, २० चा हट्ट सोडा. तो थंड देशातल्या खोलीचा आकडा. फिल्मला हवं असतं ते सगळी पाणी एकाच तापमानाची असणं. तुम्ही डेव्हलपर २० ला आणता, मग मधलं पाणी ३४, हायपो (म्हणजे चित्र पक्कं करणारा फिक्सर) ३०, शेवटी परत गच्चीवरच्या टाकीचं पाणी. फिल्मवरचं जिलेटिन फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं, आणि वैशाखात काळ्या रानाला पडतात तशा बारीक भेगांचं जाळं निगेटिव्हवर उठतं. हल्लीच्या फिल्म पूर्वीपेक्षा कणखर आहेत, जाळं सहसा येत नाही, पण फोटोतला दाणा जाड होतो.

उन्हाळ्यात मी सगळं २४ वर धुतो. २० च्या वेळेच्या साधारण ७० टक्के वेळ धरायचा. म्हणजे तुमची ११ मिनिटं साडेसातच्या आसपास येतात. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका. ओतायला आणि काढायला लागणारे सेकंदच मग हिशेबात मोठे होतात आणि आकाशात पट्टे उमटतात.

आता २४ आणायचं कुठून? माठातून. थट्टा नाही करत. आपल्याकडची हवा मेमध्ये इतकी कोरडी असते की माठ जोरात पाझरतो आणि पाणी थंड पडतं. नवा माठ घ्या, जुन्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. रात्री तो खिडकीत वाऱ्याला ठेवा, खाली ओली वाळू. पहाटे पाचला माझ्याकडे २४-२५ निघतं. डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या रात्रीच माठातलं पाणी भरलेल्या घमेल्यात उभ्या करायच्या, म्हणजे सकाळी साऱ्या एकाच पातळीला येतात. डेव्हलपिंग चालू असताना टाकीही त्याच घमेल्यात. बर्फ लागला तर घमेल्यात टाका, बाटलीत कधीच नको.

पावसाळ्यात हवेत ओल असते, माठ पाझरतच नाही, पाणी २८-२९ वर अडून बसतं. तेव्हा मी डी-७६ एकास तीन करतो. २० ला त्याची २२ मिनिटं असतात, २८ ला ११ च्या आसपास उतरतात. पण एका रोलला मूळ, म्हणजे पाणी न मिसळलेलं द्रावण शंभर मिलीपेक्षा कमी पडता कामा नये. तुमच्याकडे दोन रिळांची टाकी आहे ना? त्यात एकच रोल भरलेलं रीळ घाला, वर रिकामं रीळ, आणि ५०० मिली द्रावण ओता. आत १२५ मिली मूळ द्रावण जातं, काम फत्ते.

रोल रिळावर चढवायला चेंजिंग बॅग (हात आत घालून अंधारात काम करायची काळी पिशवी) वापरत असाल तर या दिवसांत ती खुंटीला टांगा. पाच मिनिटांत हात घामाने निथळतात, आत वाफ धरते आणि फिल्म प्लॅस्टिकच्या रिळाला अर्ध्यातच चिकटते. रात्री आतल्या खोलीत दाराच्या फटीला चादर लावून करा. लोडशेडिंगचा एवढा एक फायदा, रस्त्यावरचा दिवासुद्धा गेलेला असतो.

पाण्याचं म्हणाल तर अर्धा तास नळ सोडायची गरजच नाही. इल्फर्डने सांगितलेली रीत आहे. टाकी भरा, पाच वेळा उलटसुलट करा, ओतून द्या. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. मी आणखी एकदा भरून पाच मिनिटं तशीच ठेवतो, सवय म्हणून. तुमच्या टाकीला सगळं मिळून दोन लिटर लागेल. सासूबाईंना कळवा.

मात्र ही रीत हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेल्या फिक्सरला. काही जण एक्स-रेचा फिक्सर आणतात. तो स्वस्त पडतो, चालतोही, पण त्यात बहुधा हार्डनर असतो आणि मग धुणं वाढतं. फिक्सर कुठलाही असो, रोलचं कापलेलं टोक त्यात टाकून ते पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहा आणि त्याच्या दुप्पट वेळ द्या. तो वेळ ताज्या द्रावणाच्या दुप्पट लागायला लागला की फिक्सर संपला.

संपलेला फिक्सर विहिरीजवळ किंवा झाडांना ओतू नका, त्यात चांदी असते. एके काळी एक्स-रेवाल्यांकडून असा हायपो चांदी काढायला विकत नेणारे असायचे. जळगावच्या सराफ बाजाराइतका भाव नाही मिळायचा, पण फुकटही नाही द्यायचे. आता कॅनमध्ये साठवा आणि स्टील वूल टाकून ठेवा. चांदी त्यावर बसते.

डाग क्षाराचे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला दुसरं काय येणार? शेवटचं एक पाणी बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरचं द्या, पेट्रोलपंपावर मिळतं. त्यात वेटिंग एजंटचे (याने पाणी थेंब न धरता ओघळतं) दोन-तीन थेंब टाका, फेस येईल इतका नको. मग फिल्म पुसू नका. बोटांनी निपटायचा मोह होतो, आणि एक वाळूचा कण ३६ च्या ३६ फोटोंवर रेघ ओढून जातो.

वाळत घालायची ती न्हाणीघरात. फरशीवर पाणी मारा, दार लावा, पंखा बंद. बाहेर दोरीवर घातलीत तर वीस मिनिटांत वाळेल हे खरं, पण तालुक्याची धूळ तिच्यावर बसलेली असेल.

गिरणामाई (चाळीसगाव)

जंक्शनकाकांनी धुलाईचं सगळं सांगितलं. मी फिरण्याचं आणि उन्हाचं सांगतो.

मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर कॅमेरा पिशवीत गेलेला बरा. त्याआधीसुद्धा सावली आणि ऊन यांत एवढं अंतर असतं की केळीच्या बागेत पानं कागदासारखी पांढरी आणि बुंधे डांबरासारखे येतात. अशा दिवशी मी ४०० स्पीडच्या एचपी५ला २०० समजून प्रकाश मोजतो, म्हणजे सावलीला दुप्पट उजेड मिळतो, आणि धुताना वेळ पाचव्या हिश्श्याने कमी करतो. काकांची साडेसात मिनिटं तिथे सहा होतात. अख्खा रोल मात्र त्याच हिशेबाने काढायला हवा. अर्धा सकाळी बागेत आणि अर्धा संध्याकाळी घरात असं जमत नाही.

पिवळा फिल्टर आणू का, असं तुम्ही विचाराल त्याआधीच सांगतो, मेमध्ये पैसे वाया. आकाश निळं असेल तर फिल्टर ते गडद करणार, आपलं तर धुळीने पांढुरकं झालेलं. पहिल्या पावसानंतर घ्या, आणि नारिंगी घ्या. तेव्हा सातपुड्यावरचे ढग बघा कसे उठतात.

जायला चाळीसगावला याच. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, तिथे आता कलादालन आहे. मूस १९१२ ला जन्मले, १९८९ ला गेले, आयुष्याची कित्येक वर्षं त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर छोट्या वस्तूंचे देखावे मांडून त्यांचे फोटो काढायचे. काळ्यापांढऱ्यात उजेड एका बाजूने येऊ दिला की काय होतं, ते तिथल्या प्रिंट्ससमोर उभं राहिल्यावर समजतं. आम्ही किल्ले आणि डोंगर धुंडाळत बसतो आणि या माणसाने घरात बसून ते केलं. येण्याआधी उघडं आहे ना, एवढी चौकशी करा. तिथून पाटणादेवी रिक्षाने होतं. मेमध्ये धबधब्यात थेंब नसतो, पण मंदिराच्या दगडावर सकाळचं तिरपं ऊन छान पडतं.

मुक्ताईनगरजवळ चांगदेवचं मंदिरही करा, तापी-पूर्णेच्या संगमाशी. काळ्या दगडाने फ्रेम भरली की के १००० चा उजेड मोजणारा काटा फसतो. त्याला वाटतं अंधार आहे, मग दगड राखाडी येतो. काटा सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड द्या. ट्रायपॉड नेऊ नका, संरक्षित वास्तूत त्याला परवानगी लागते.

अजिंठा फर्दापूरवरून जवळ वाटेल, पण लेण्यांतली चित्रं काळ्यापांढऱ्यात काढून काय मिळणार? फ्लॅश चालत नाही, उजेड नाही, आणि रंगच तर बघायचे असतात. गेलात तर समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघूरचा घोड्याच्या नालासारखा वळसा काढा. सोमवारी बंद असतं.

आणि एक रोल मार्गशीर्षासाठी राखून ठेवा. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. धूळ, घोडे, फेटे, तापीचा काठ. व्यापाऱ्यांना आधी विचारा, मग ते स्वतःच घोडा वळवून उभा करतात.

बोरीकाठ (अमळनेर)

काका, दादा, मनापासून आभार. माठ घरात आहे, पण जुना, नवा उद्याच आणते. ५०० मिलीत एकच रोल ही युक्ती मामांनीही कधी सांगितली नव्हती.

एक शंका राहिली. माझा काचेचा थर्मामीटर फुटला. घरातला तापाचा चालेल का?

जंक्शनवाला (भुसावळ)

नाही चालणार, तापाचा काटा साधारण ३५ पासून सुरू होतो. तुमचं पाणी ३५ ला असेल तर धुऊच नका. स्वयंपाकघरातला डिजिटल, लांब दांडीचा घ्या. आणला की एकदा पाण्यात बर्फाचे भरपूर तुकडे टाकून हलवून बघा, शून्याच्या जवळ आला पाहिजे. एखादी डिग्री इकडेतिकडे दाखवला तर फेकू नका, फरक मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा.