मदत हवी आहे: न शिकवलेली जोडी मुलाला जुळवता येत नाही

आम्ही फोंड्याचे. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. 'बांगडा' म्हटलं की बरोबर चित्र उचलतो, 'बांगडा' लिहिलेलं कार्डही उचलतो. नारळ, होडीचंही तेच. पण चित्र पुढ्यात ठेवून त्याचं कार्ड लाव म्हटलं की अडतो, कार्डाचा कोपरा चावत बसतो.

थेरपिस्ट ताई म्हणतात, ही तिसरी जोडी न शिकवता यायला हवी. याला स्टिम्युलस इक्विव्हॅलन्स म्हणतात. मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांनी १९७१ मध्ये वाचता न येणाऱ्या एका मुलाला ऐकलेल्या शब्दाला छापील शब्द लावायला शिकवलं. चित्रं त्याला आधीच ओळखता यायची. मग छापील शब्द आणि चित्र तो आपणहून जुळवू लागला, शब्द मोठ्याने वाचूही लागला.

आमच्या बांगड्याच्या कार्डावर हुमणाचा (माशाच्या कालवणाचा) डाग आहे. काल कोरं कार्ड केलं, तर 'बांगडा' म्हटल्यावरही चुकला! म्हणजे इतके दिवस डागच बघत होता का? त्यात आजी 'बांगडो' म्हणते, तेही आहेच.

सगळी कार्डं नवी करून पहिल्यापासून घ्यावं, की चित्र-कार्ड जोडी सरळ शिकवून टाकावी? आणि तपासताना शाबासकी द्यायची की गप्प बसायचं? घरी कोणी केलं असेल तर सांगा.