एक कोटी सिगारेटी जाळल्या, बरं मग?

आडवातिडवा:
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. जप्त करून पेटवलेल्या एक कोटी सिगारेटींचा ढीग, मागे ओळीने उभे अधिकारी आणि खाली मजकूर: 'तस्करांचं कंबरडं मोडलं! असे चार छापे पडले की धंदा बंद.' उत्तर लिहायला घेतलं ते आवरेना, म्हणून वेगळा धागा.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये एक कोटीच्या आसपास सिगारेटी मावतात. मोठा तस्कर माल पाठवतानाच धरून चालतो की एखादा कंटेनर जाणार. कर चुकवून सुटणारा पैसा एवढा असतो की गेलेला कंटेनर त्याच्या वहीत गाडीभाड्यासारखा लिहिला जातो. माल कुठल्या कारखान्यात बनला, कोणाच्या नावाने निघाला, पैसे कोणत्या खात्यातून फिरले, याबद्दल त्या पोस्टमध्ये अवाक्षर नाही. ड्रायव्हर तेवढा पकडलाय. तो नेहमीच पकडलेला असतो.

रात्रपाळी:
घरी बसून लिहायला सोपं आहे. मी चार वर्षं बंदरात स्कॅनरच्या पडद्यापुढे काढली आहेत. एका रात्री कंटेनर आला, कागदावर प्लायवूड. प्लायवूड पडद्यावर गडद आणि सलग दिसतं. इथे दारापासून दीड मीटर तसंच होतं, आणि त्यामागे फिकट चौकोन, विटा रचल्यासारखे एकसारखे. पुढचे गठ्ठे काढेपर्यंत उजाडलं. मागे सगळी सिगारेटची खोकी.

सगळे कंटेनर उघडता येत नाहीत, बंदर ठप्प होईल. म्हणून आधी कागद चाळतात. कंपनी कालची, पहिलीच खेप, मालाच्या किमतीपेक्षा भाडं जास्त, रस्ता उगाच तीन बंदरांतून वळवलेला. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी मान ताठ होते. याला तुम्ही फोटोबाजी म्हणता?

आडवातिडवा:
तुमच्या डोळ्यांना सलाम, खरंच. आता सांगा, त्या प्लायवूडवाल्याचं पुढे काय झालं?

रात्रपाळी:
माल ज्याच्या नावाने होता त्याच्या पत्त्यावर कुलूप निघालं. पुढचं आम्हाला कोणी कळवत नाही.

आडवातिडवा:
माझी अख्खी पोस्ट तुम्ही दोन वाक्यांत लिहिलीत.

स्पष्टच_बोलतो:
मुळावर कोणीच बोलत नाही. कर! कर वाढवा, तस्करी वाढते, मग तस्करी पकडायला करातूनच पगार द्या. कॅनडाने 1994 मध्ये कर खाली आणला आणि तस्करी बसली. प्रश्न मिटला.

जुनी_कात्रणं:
कॅनडाची गोष्ट दर वेळी अर्ध्यावर थांबते. तो माल कॅनडातलाच होता. निर्यात म्हणून करमुक्त सीमेपलीकडे अमेरिकेत जायचा आणि चोरवाटेने परत यायचा. 2008 मध्ये दोन बड्या कंपन्यांनी गुन्हा कबूल केला, दंड आणि भरपाई मिळून 1 अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेली. म्हणजे ज्यांनी 'कर जास्त म्हणून तस्करी' असा गळा काढला, माल त्यांच्याच कारखान्यातला.

उलट ब्रिटनने कर चढाच ठेवला आणि 2000 पासून स्कॅनर, जादा अधिकारी, कारखानदारांवर जबाबदारी असं सगळं एकत्र लावलं. तेव्हा दर पाच सिगारेटींत एक बेकायदा होती, पुढच्या वर्षांत ते प्रमाण निम्म्याखाली आलं.

स्पष्टच_बोलतो:
ब्रिटनचं सोडा, ऑस्ट्रेलिया बघा. कर वाढवत नेला, आणि 2023 पासून मेलबर्नमध्ये टोळ्या एकमेकांची तंबाखूची दुकानं पेटवताहेत.

जुनी_कात्रणं:
हं. ऑस्ट्रेलियापुढे माझं कात्रण चालत नाही. कर चढवला आणि पहारा मागे पडला की तसंच होतं. घ्या, आनंद झाला?

धूर:
मला वेगळंच विचारायचंय. जाळतात कशाला? सिगारेट ओढू नका म्हणणारेच एक कोटी सिगारेटी उघड्यावर पेटवतात, आणि सगळे वाऱ्याच्या दिशेला उभे राहून फोटो काढतात!

स्पष्टच_बोलतो:
हा काय फालतू प्रश्न आहे.

खोकीमोज:
फालतू नाही. जाळत नाहीत तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. एका गोदामात कारकून होतो, जप्तीचा माल चौदा महिने पडून होता. मोजणीला मी आणि एक शिपाई. पुढच्या रांगा चोख. मागचं खोकं उचललं तर हलकं लागलं. वरचं सील शाबूत, तळ कापून पुन्हा चिकटवलेला, आत रद्दी. अशी एकोणतीस निघाली. वर कळवलं, तर माझीच बदली झाली. म्हणून म्हणतो, जाळा, आणि लवकर जाळा.

रात्रपाळी:
म्हणजे आम्ही चोर? रात्र रात्र डोळे फोडून माल पकडायचा आणि इथे हे ऐकायचं?

खोकीमोज:
तुम्हाला कोण म्हणालं? एवढं लागलं का?

रात्रपाळी:
लागलं. कारण दर लग्नात कोणीतरी हेच विचारतं, 'तुम्हाला किती सुटतं?'

जुनी_कात्रणं:
भांडू नका. तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉल 2012 मध्ये सोलमध्ये मंजूर झाला, 2018 मध्ये लागू झाला. त्याच्या कलम 18 मध्ये हेच आहे: जप्त तंबाखू, माल आणि यंत्रंसुद्धा नष्ट करा, शक्य तितक्या पर्यावरणाला न दुखावता, नाहीतर देशाच्या कायद्याप्रमाणे विल्हेवाट लावा. धूर यांचा प्रश्न तिथेही कोणाला तरी पडला होता.

धूर:
बघा! कलम आहे माझ्या प्रश्नाला!

खोकीमोज:
यंत्रांचं बरं सांगितलंत. यंत्र भंगारात विकलं की भंगारवाल्याकडून कोण उचलणार? ज्याला ते चालवता येतं तोच.

आडवातिडवा:
धागा माझा, पेटवला तुम्ही. त्याच प्रोटोकॉलचं कलम 8 माझ्या कामाचं. प्रत्येक पाकिटावर वेगळी खूण हवी, म्हणजे पकडलेलं पाकीट कारखान्यापर्यंत मागे नेता येतं. आणि ही जबाबदारी सरकारने तंबाखू कंपन्यांकडे सोपवायची नाही, असं स्पष्ट लिहिलंय. कुंपणालाच राखणीला बसवू नका, एवढंच.

रात्रपाळी:
आणि ज्या पाकिटावर खूणच नाही त्याचं काय कराल? 2020 मध्ये स्पेनमध्ये मालागाजवळ तिथल्या पोलीस दलाला, गार्दिया सिव्हिलला, सिगारेटचा चोरटा कारखाना सापडला तो जमिनीखाली चार मीटरवर, वर घोड्यांचा तबेला. छाप्याच्या वेळी जनरेटर बंद, आत सहा कामगार अडकलेले, हवा संपत चाललेली. तुमची खूण तिथे कोण छापणार होतं?

आडवातिडवा:
हे मान्य. चोरट्या कारखान्याला खुणेची वेसण नाही. पण तो तरी स्कॅनरवर सापडला का? माणसांच्या मागे महिनोन्‌महिने राहावं लागतं. कधी पकडता येत असूनही माल पुढे जाऊ द्यावा लागतो, कोण उतरवून घेतं ते बघायला. आणि ते फोटोत येत नाही.

रात्रपाळी:
माल जाऊ द्यायचा आणि मध्येच हरवला तर निलंबन कोणाचं? तुमचं नाही. पण ठीक आहे. ड्रायव्हरबद्दल बोललात ते पटलं. आमच्या त्या कंटेनरचा ड्रायव्हर बाविशीचा पोरगा होता. सील लावलेलं दार त्याला उघडायची परवानगीसुद्धा नव्हती. तीन तास एकच विचारत होता, 'साहेब, प्लायवूड तर आहे ना आत?'

धूर:
त्या प्लायवूडचं काय केलं? तेही जाळलं?

रात्रपाळी:
लिलावात गेलं. ज्याने घेतलं त्यानेच पुढे आमच्या ऑफिसला कपाट करून दिलं. दार अजून नीट लागत नाही.