गणपूर्तीआधी मताधिकाराकडे पाहावे
क्रिप्टो प्रकल्पांच्या कारभारात टोकनधारक (प्रकल्पाचे डिजिटल नाणे बाळगणारे) उदासीन असल्यामुळे गणपूर्तीची मर्यादा, म्हणजे प्रस्ताव मंजूर होण्यास लागणारी किमान मते, खाली आणावी, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. ऑक्टोबर २०२० मध्ये युनिस्वॅप या क्रिप्टो-अदलाबदलीच्या मंचाच्या पहिल्याच प्रस्तावात हीच मागणी होती, म्हणजे मर्यादा ४ कोटी मतांवरून ३ कोटींवर आणायची. बाजूने सुमारे ३ कोटी ९६ लाख मते पडली, विरोध नगण्य होता, आणि तरीही चारेक लाख मतांनी प्रस्ताव बारगळला. (कमी मतदानावरचा उपाय कमी मतदानानेच पडावा, हे नशीबच म्हणायचे!) मात्र बाजूची बहुतेक मते मोजक्या प्रतिनिधींच्या (ज्यांच्याकडे इतरांनी मताधिकार सोपवला होता) हाती एकवटलेली होती, त्यामुळे मर्यादा उतरली असती तर सामान्य धारकाचा सहभाग वाढला असता असे मला वाटत नाही.

खरी अडचण त्याआधीच सुरू होते. डिजिटल पाकिटात युनिस्वॅपचे युनि टोकन असले म्हणून मत मिळत नाही. त्याचा मताधिकार आधी स्वतःकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे सोपवावा लागतो, तेही त्या प्रस्तावाचे मतदान सुरू होण्यापूर्वी, आणि या व्यवहाराला इथेरियम या ब्लॉकचेनवर गॅसशुल्क (व्यवहार नोंदवण्याचे शुल्क) पडते. सप्टेंबर २०२० मध्ये ४०० युनि फुकट मिळालेल्या माणसाने, ज्याचे मत ४ कोटींत खिजगणतीतही नाही, आधी सोपवण्यासाठी आणि मग मत देण्यासाठी असे दोनदा शुल्क का भरावे? स्नॅपशॉट या मतदानाच्या मंचावर केवळ डिजिटल स्वाक्षरीने विनाशुल्क मत देता येते हे खरे, पण तो कौल ब्लॉकचेनवर आपोआप अमलात येत नाही, तो अमलात आणणे बहुधा प्रकल्पाच्या डिजिटल चाव्या सांभाळणाऱ्या काही जणांच्या हाती राहते.