शब्दचर्चा : चिनीत चष्मा 'घालायचा' कसा?

नवशिकी :
चिनी शिकायला लागून तीन महिने झालेत. इंग्रजी 'वेअर'साठी शब्दकोशात 'छ्वान' सापडला. तोच धरून वर्गात चष्म्याचं वाक्य केलं, तर बाई हसत सुटल्या. म्हणाल्या, चष्म्याला 'ताय'. मग टोपीला काय? मोज्यांना? नियम आहे, की सगळं पाठच करायचं?

ओसरी :
नियम आहे, पण आधी इंग्रजी बाजूला ठेवा. आपण सदरा घालतो, साडी नेसतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. कुणी 'गजरा घातला' म्हटलं की आजीच्या कानाला जे होतं, तेच तुमच्या बाईंना झालं.

'छ्वान'चा जुना अर्थ आरपार जाणे, भोक पाडणे. अक्षरात वर बीळ आणि खाली दात आहे. सुईत दोरा ओवण्यालाही छ्वानच. तेव्हा ज्यात हातपाय ओवायचे ते छ्वान : सदरा, विजार, झगा, बूट, पायमोजे. 'ताय' म्हणजे मुळात डोक्यावर धारण करणे. टोपी त्यातच आली. पुढे चष्मा, कानातले, हार, अंगठी, घड्याळ, मास्क हेही त्याच पंगतीत बसले. (रोमन लिपीत 'डी' असतो म्हणून 'डाय' म्हणू नका. तो आपल्या 'त'च्या जवळचा, आणि त्यांचा 'टी' आपल्या 'थ'च्या. त-थ, च-छ हा भेद आपल्याला आयताच मिळालाय.)

हातमोजे मात्र ताय! पाची बोटं आत जातात, तरीही. इथे तर्क चालवू नका, पाठ करा.

खरी गंमत काढताना आहे. कपडे, बूट काढायला 'थ्वो'. टोपी, चष्मा, घड्याळ काढायला 'चाय'. झाडावरचं फळ तोडतात, फूल खुडतात, तेच हे क्रियापद. टोपी डोक्यावरून खुडायची! मला तरी हे आपल्या 'काढणे'पेक्षा देखणं वाटतं.

पट्टा, सीटबेल्ट यांना 'ची', म्हणजे बांधणे. शाल खांद्यावर घेतली की 'फी'.

नवशिकी :
आणि साडी?

ओसरी :
साडीला तिथे 'शाली' म्हणतात, आणि क्रियापद बहुधा छ्वानच. सहावारी नेसायचा सगळा खटाटोप एका ओवण्यात संपला.

चकवा :
लिहिताना एक सांभाळा. 'ताय' दोन आहेत. उच्चार तोच, सूरही (शब्दातला आवाजाचा चढउतार) तोच, चौथा, अक्षरं वेगळी. एक घालण्याचं, दुसरं सोबत बाळगण्याचं. 'मास्क ताय' एवढंच कानावर पडलं तर तो तोंडावर लावायचा की पिशवीत टाकायचा, हे संदर्भावरूनच ठरवायचं. खुद्द चिनी लोकही लिहिताना यात घोटाळा करतात. इंग्रजी माणूस चेहऱ्यावर हसू 'वेअर' करतो ना, त्याला चिनीत हे दुसरं, बाळगण्याचं ताय लागतं.

आणि इंग्रजीत दाढीही 'वेअर' करतात! चिनीत तिला 'ल्यौ', म्हणजे राहू देणे. थेट आपली 'दाढी ठेवली'.

ओसरी :
वाक्प्रचारही असेच वाटून घेतलेत. एखाद्याला उंच टोपी घालणं म्हणजे आपलं हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, तिथे ताय. साहेबाने हाताखालच्याला मुद्दाम, पण वरवर दिसणार नाही असा त्रास दिला, तर त्याने 'लहान बूट घालायला दिले', तिथे छ्वान. हिरवी टोपी घातलेला नवरा म्हणजे ज्याच्या बायकोचं बाहेर प्रकरण आहे तो. चिनी मित्राला टोपी भेट देणार असाल तर रंग बघून घ्या.

नवशिकी :
बरं झालं सांगितलंत. मग मफलरच देते. त्याला काय म्हणायचं?

चकवा :
'वेइ', म्हणजे भोवती गुंडाळणे. ताय म्हटलंत तरी कुणी हसणार नाही.